पेढीची संगणक-व्यवस्था नवी करताना

मंगळवार, दि. २७ जून २०१७. न्हावा शेवा बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणक त्या दिवशी एकाएकी बंद पडले. डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स आणि आपली सरकारी कंटेनर कॉर्पोरेशन यांची ही भागीदारी. वीस फुटी कंटेनरच्या मापाने वर्षाला अठरा लाख पेट्या हाताळण्याची त्या टर्मिनलची क्षमता. क्रेन शाबूत होत्या, माणसे कामावर हजर होती, कंटेनर जागच्या जागी होते. कोणता कंटेनर कोणाचा, तो थप्पीत कितव्या जागी आहे आणि कोणत्या ट्रेलरवर चढवायचा, हे सांगणारी वही तेवढी उघडत नव्हती. हाताने काम चालविण्याची खटपट सुरू झाली आणि बंदर प्रशासनाला मोठी धावपळ करावी लागली.

आपल्या समाजातील कित्येक घरांचा न्हावा शेवाशी नित्याचा संबंध आहे. डाळी, सुकामेवा, रसायने, स्टेनलेस स्टील, यंत्रांचे सुटे भाग, तयार कपडे, असा नाना प्रकारचा माल उरण तालुक्यातील या धक्क्यावरून ये-जा करतो. त्या आठवड्यात या घरांची दुहेरी घालमेल होती. एकीकडे बंदरातील खोळंबा, आणि दुसरीकडे चारच दिवसांनी, १ जुलैपासून, वस्तू व सेवा कर लागू होणार होता. त्यामुळे पेढीच्या संगणकात नवे करदर आणि मालाचे एचएसएन क्रमांक बसविण्याची घाई चालू होती. जगातील एका बलाढ्य कंपनीची यंत्रणा कोलमडते आहे आणि आपली यंत्रणा नव्या कायद्याला पुरी पडेल की नाही याची धास्ती आहे, हे दोन्ही अनुभव एकाच आठवड्यात वाट्याला आले. मात्र त्यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात आले असावे.

मर्स्कचे झाले होते ते असे. युक्रेनमध्ये 'एम.ई.डॉक' नावाचे हिशेबाचे आणि करविवरणपत्रे भरण्याचे सॉफ्टवेअर सर्रास वापरले जात असे. आपल्याकडे टॅली आहे, जवळजवळ तसेच. हल्लेखोरांनी ते बनविणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर ताबा मिळविला आणि नेहमीच्या अपडेटच्या वाटेनेच एक विनाशक प्रोग्राम ग्राहकांकडे धाडला. त्याला पुढे 'नॉटपेट्या' हे नाव पडले. मर्स्कच्या ओडेसा येथील कार्यालयात एकाच संगणकावर हे सॉफ्टवेअर होते. तेवढा एक दरवाजा पुरला. तेथून कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात तो प्रोग्राम पसरला आणि तिच्या ७६ टर्मिनलपैकी १७ टर्मिनल ठप्प झाली. न्हावा शेवाचे त्यांपैकी एक. विंडोजमधील ज्या उणिवांचा त्या प्रोग्रामने लाभ उठविला, त्यांपैकी एकीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये उपलब्ध करून दिली होती.

याही पुढची गोष्ट अमेरिकी पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनी २०१८ साली 'वायर्ड' मासिकात लिहिली, आणि माझ्या मते ती प्रत्येक व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. हल्ल्याच्या आदल्या वर्षी मर्स्कच्या संगणक विभागातील काही अधिकाऱ्यांनी सगळ्या यंत्रणेची नव्याने मांडणी करण्याचा आग्रह धरला होता. कंपनीचे काही सर्व्हर तेव्हाही विंडोज २००० वर चालत होते, आणि त्या प्रणालीचा आधार मायक्रोसॉफ्टने २०१० सालीच काढून घेतला होता. योजना मान्य झाली, तिच्यासाठी पैसाही मंजूर झाला. पण ती पार पाडणे हे वरिष्ठांच्या कामगिरीच्या मोजमापात धरलेच नव्हते. त्यावर कोणाचा बोनस अवलंबून नव्हता. म्हणून योजना पुढे सरकली नाही. बँकेच्या परिभाषेत सांगायचे तर कर्ज मंजूर झाले, पण त्याची उचल झालीच नाही.

या न झालेल्या कामाची किंमत कंपनीने स्वतःच २५ ते ३० कोटी डॉलर अशी सांगितली. जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे मर्स्कचे अध्यक्ष जिम हॅगेमन स्नाबे यांनी जाहीरपणे सांगितले की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० अ‍ॅप्लिकेशन्स पुन्हा उभी करावी लागली. वर्षानुवर्षे लांबणीवर पडलेले काम शेवटी झालेच, पण जाळलेल्या घरात बसून, रात्रीचा दिवस करून.

आपल्या पेढीत ४५,००० संगणक नसतात. पाच असतात, फार तर पंधरा. पण चित्र बरेचसे तेच असते. हिशेबाचे सॉफ्टवेअर दहा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीत थांबलेले. गोदामातील साठा वेगळ्या एक्सेल फाइलमध्ये, आणि त्या फाइलचे मर्म एकट्या गोदाम-मेहत्यांना ठाऊक. आयातीची कागदपत्रे कस्टम हाउस एजंटाच्या ई-मेलमध्ये, दर थोरल्या भावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. चलन छापण्यासाठी कोणा परिचिताने पंचवीस वर्षांपूर्वी फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलेला प्रोग्राम आणि तो चालावा एवढ्यासाठी जपून ठेवलेला एक जुनाट संगणक. लिहून देणारे गृहस्थ केव्हाच परदेशी स्थायिक झालेले. "चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा?" हा प्रश्न गादीवरून येतो, आणि तो अगदीच गैर नाही. व्यापारी माणूस परतावा दिसल्याशिवाय पैसा घालीत नाही, आणि संगणक-व्यवस्थेतील परतावा पटकन डोळ्यांना दिसत नाही.

तो दिसतो कोठे? माझे उत्तर असे की जेथे आपला कागद पेढीचा उंबरठा ओलांडून दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरतो, तेथे. पेढीच्या आत सगळे एकमेकांना ओळखतात, चूक सांभाळून घेता येते. बाहेरची यंत्रणा कोणालाच ओळखत नाही.

निर्यातदारांच्या एकात्मिक कराच्या परताव्याचे उदाहरण घ्या. जीएसटी आल्यावर नियम असा झाला की निर्यातीवर कर भरला असेल, तर शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज समजला जाईल. वेगळा अर्ज नको. कल्पना उत्तम. कस्टम्सची यंत्रणा शिपिंग बिलातील माहिती आणि जीएसटी विवरणपत्रातील माहिती आपसूक ताडून पाहते आणि जुळली की रक्कम बँकेत जमा होते. पण २०१७ च्या उत्तरार्धात देशभर हजारो निर्यातदारांचे परतावे अडकले. 'एसबी००५' हा त्रुटी-संकेत तेव्हा निर्यातदारांना आणि त्यांच्या कर-सल्लागारांना तोंडपाठ झाला होता. त्याचा अर्थ एवढाच, की इन्व्हॉइसचा तपशील दोन्हीकडे जुळत नाही. कारण शोधू गेले तर ते पेढीतच सापडे. निर्यात विभाग आपल्या जुन्या पद्धतीने एक कमर्शियल इन्व्हॉइस काढी आणि तोच क्रमांक शिपिंग बिलावर जाई. हिशेब विभाग जीएसटीसाठी दुसरा टॅक्स इन्व्हॉइस काढी आणि तो क्रमांक विवरणपत्रात जाई. माल एक, गिऱ्हाईक एक, रक्कम एक, आणि क्रमांक दोन. ही दोन पुस्तके वर्षानुवर्षे शेजारी शेजारी नांदली होती, कोणाचे काही अडले नव्हते. मार्च २०१८ मध्ये कस्टम्सने १५ तारखेपासून परताव्यांसाठी खास पंधरवडा पाळला, अधिकाऱ्यांना हाताने दुरुस्तीची मुभा दिली, तेव्हा पुष्कळांची रक्कम सुटली. तोवर खेळते भांडवल गुंतून पडले आणि त्यावरचे व्याज पेढीने सोसले. या व्याजाचा आकडा काढून पाहावा. नव्या यंत्रणेचा खर्च त्याच्या शेजारी ठेवावा.

बँकेकडेही हाच प्रकार. रिझर्व्ह बँकेने निर्यातीसाठी २०१४ साली ईडीपीएमएस आणि आयातीसाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये आयडीपीएमएस या व्यवस्था सुरू केल्या. तोपर्यंत आयातदार बिल ऑफ एंट्रीची प्रत शाखेत आणून देई, आणि राहिली तर अधिकारी फोन करून मागवून घेत. आता कस्टम्सकडून बिल ऑफ एंट्रीची नोंद थेट रिझर्व्ह बँकेमार्फत आपल्या बँकेच्या पडद्यावर येते आणि परदेशी पाठविलेल्या रकमेशी तिची जोडणी व्हावी लागते. बिल ऑफ एंट्रीवर बँकेचा एडी कोड चुकला, तर नोंद भलत्याच बँकेकडे जाते आणि आपल्या बँकेत रक्कम 'मालाच्या पुराव्याविना पाठविलेली' म्हणून उघडी राहते. निर्यातदारांच्या बाबतीत तर काही वर्षे असा नियम होता की दोन वर्षांहून अधिक काळ शिपिंग बिल उघडे राहिले की यंत्रणा आपणहून त्या निर्यातदाराला सावधगिरीच्या यादीत टाकी. ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने ही आपोआप होणारी नोंद बंद केली. तीन पिढ्यांची पत असलेल्या घराचे नाव, केवळ कोणी जोडणी केली नाही म्हणून, अशा यादीत जावे हे दुःखदायक होते. यात लबाडी कोणाचीच नव्हती, पण पेढीजवळ उघड्या शिपिंग बिलांची यादी नव्हती. ती मागितली की मुनीमजी तीन फाइली काढून बसत.

म्हणून यंत्रणा बदलण्याचा विचार करताना सॉफ्टवेअर विकणाऱ्याला पहिल्या दिवशी बोलावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो आला की पडद्यावर रंगीत आलेख दाखवितो आणि आपण आपला प्रश्न विसरतो. आधी एक कंटेनर निवडावा. खराखुरा, गेल्या तिमाहीत आलेला. त्याचा कागद पहिल्या ऑर्डरपासून शेवटच्या वसुलीपर्यंत पेढीतून कसा फिरला, हे दोघा-तिघांनी बसून लिहून काढावे. परदेशी विक्रेत्याचे इन्व्हॉइस कोणी उघडले, बँकेला कोणी कळविले, एजंटाला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात गेली, शुल्क कोणी भरले, कंटेनर फ्रेट स्टेशनमधून माल उचलायला उशीर झाला असेल तर तो कोणामुळे, जमिनीचे भाडे किती लागले, गोदामात वजन किती भरले, बिल कोणत्या भावाने फाडले. एकच आकडा जेथे जेथे दुसऱ्यांदा टंकावा लागला, तेथे तेथे तांबडी खूण करावी. एका परिचित पेढीत हा उद्योग केला, तेव्हा एका कंटेनरचे वजन सहा ठिकाणी लिहिले जात होते आणि त्यांत तीन निरनिराळे आकडे होते असे आढळले. नव्या यंत्रणेकडून काय हवे, याचा मसुदा त्या तांबड्या खुणांतूनच तयार होतो. त्यानंतर विक्रेत्याला बोलवावे आणि त्याच्या नमुन्याच्या कंटेनरऐवजी आपलाच कंटेनर त्याच्या सॉफ्टवेअरमधून फिरवून दाखवायला सांगावे.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक योजना तेथेच फसतात. ते म्हणजे जुन्या नोंदींची साफसफाई. बँकांनी हा अनुभव भरपूर घेतला आहे. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला. मग शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, नंतर संपूर्ण शाखा संगणकावर गेली, आणि पुढे सर्व शाखा एका केंद्रीय यंत्रणेला जोडल्या गेल्या. दर टप्प्याला तेच दिसे. लेजरची बेरीज आणि जनरल लेजरचा आकडा यांत वर्षानुवर्षे राहिलेला फरक संगणकात भरता येत नाही. तो आधी शोधावा लागतो. एकाच खातेदाराची तीन खाती तीन स्पेलिंगांनी उघडलेली असत, आणि यंत्राच्या लेखी ती तीन माणसे. आपल्या पेढीतही 'शहा ब्रदर्स', 'शाह ब्रदर्स' आणि 'एस. ब्रदर्स, भिवंडी' ही एकच पार्टी तीन नावांनी नांदत असते. उधारीची मर्यादा तिघांना वेगवेगळी मिळते. मालाच्या नावांचे तर विचारूच नये. पार्टी, माल, एकक, जीएसटी क्रमांक, एचएसएन या मूळ याद्या शुद्ध करायला मध्यम आकाराच्या पेढीला दोन-तीन महिने सहज लागतात. हे काम बाहेरच्या माणसाकडून होत नाही, कारण कोणती दोन नावे एकाच माणसाची आहेत हे त्याला कसे कळणार?

ते कळते मुनीमजींना. त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. नवी यंत्रणा आली की घरातला शिकून आलेला मुलगा पुढे होतो आणि तीस वर्षे गादी सांभाळलेले मुनीमजी कोपऱ्यात जातात. "काका, आता हे सगळे आपोआप होईल," असे मुलगा आदराने म्हणतो, पण काकांच्या कानांना ते निरोपासारखे ऐकू येते. मग काका सहकार्य करीत नाहीत. विरोध करीत नाहीत, फक्त विचारल्याखेरीज काही सांगत नाहीत. आणि काय विचारायचे हे मुलाला ठाऊक नसते. अमुक पार्टीला दिवाळीनंतरच तगादा का लावायचा, तमुक मालात दोन टक्के घट का धरायची, ही माहिती कोणत्याही फाइलमध्ये नसते. जुन्या यंत्रणेचे खरे पुस्तक मुनीमजींच्या डोक्यात असते. म्हणून तपासणीचे प्रमुखपद त्यांना द्यावे, आणि ते मानापुरते नसावे. नव्या यंत्रणेतून निघालेला तेरीज-पत्रक आणि उधारीचा तक्ता त्यांच्या सहीशिवाय पक्का समजू नये. रोजमेळ आणि खतावणी हाताने लिहिलेला माणूस चुकीचा आकडा वासावरून ओळखतो.

दोन्ही यंत्रणा काही काळ बरोबरीने चालवाव्यात, हा सल्ला सगळेच देतात आणि खर्चाकडे पाहून थोडेच पाळतात. इंग्लंडमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या सुमारे ५० लाख ग्राहकांची खाती एका आठवडाअखेरीत नव्या यंत्रणेवर नेली. खात्यांची माहिती नीट पोहोचली, पण नवी यंत्रणा भार पेलू शकली नाही. जवळपास १९ लाख ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात, आणि व्यवहार पूर्वपदावर यायला महिने गेले. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील नियामकांनी त्या बँकेला सुमारे ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला. बँकेला एवढी घाई परवडली नाही, तर पेढीला कशी परवडेल? एक तिमाही दुहेरी काम होते, माणसे कुरकुरतात, संध्याकाळी उशीर होतो. पण प्रत्येक महिन्याच्या अखेरीस दोन्हीकडचे तेरीज, साठा आणि उधारी समोरासमोर ठेवून फरक काढता येतो.

आपल्या समाजाला ही रीत परकी नाही. षट्खंडागम आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका यांच्या ताडपत्रावरील प्रती शतकानुशतके मुडबिद्री येथेच जपून ठेवलेल्या होत्या, जुन्या कन्नड लिपीत. मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद या दोघा व्यापाऱ्यांनी ध्यास घेतला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नकला करण्याचे काम सुरू झाले. ते पुरे व्हायला कित्येक वर्षे लागली. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला पहिला खंड १९३९ साली अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि पुढे सोळा खंड होईतो सुमारे दोन दशके गेली. पुढच्या खंडांच्या वेळी मुडबिद्रीच्या मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची सोय झाली. नवी प्रत तयार झाली म्हणून मूळ ताडपत्रे कोणी हलविली नाहीत, हे विशेष. माध्यम बदलताना जुने कसे राखावे, हे त्या काळच्या शेठजींना कोणी शिकवावे लागले नाही.

आता थोडे अप्रिय. पुष्कळ पेढ्यांत जुने सॉफ्टवेअर सुटत नाही, याचे कारण खर्च किंवा सवय एवढेच नसते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मागील तारखेची नोंद बदलता येते आणि तिचा माग राहत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालील नियमांनी प्रत्येक कंपनीला असेच हिशेब-सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक केले आहे, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. लेखापरीक्षकाला त्यावर अभिप्राय द्यावा लागतो. ही तरतूद कंपन्यांसाठी आहे, भागीदारी पेढीला ती थेट लागू नाही, असे म्हणून काहीजण निःश्वास सोडतात. त्यांना कायद्याचे मी काय सांगावे? पण श्रावकाच्या सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, हा एक आहे. तेथे कंपनी आणि भागीदारी असा भेद केलेला नाही.

बाहेरचे जग आपल्या सोयीची वाट पाहत नाही, हे ई-इन्व्हॉइसने दाखवून दिले. ऑक्टोबर २०२० मध्ये ते ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना लागू झाले, तेव्हा मध्यम व्यापाऱ्यांना वाटले की हे मोठ्यांचे दुखणे. मर्यादा १०० कोटी, ५० कोटी, २० कोटी, १० कोटी अशी उतरत १ ऑगस्ट २०२३ रोजी ५ कोटींवर आली. ज्यांनी पहिल्याच वर्षी तयारी केली त्यांना तीन वर्षे मिळाली. बाकीच्यांनी शेवटच्या आठवड्यात मिळेल त्या भावाने सॉफ्टवेअर विकत घेतले आणि आता त्याच्याशी झुंजत आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. पेढीतील किती संगणक अजून त्यावर आहेत, हे मोजायला अर्धा तास पुरतो. त्यांतला कोणता संगणक बँकेचे व्यवहार करतो, तेही त्याच वेळी लिहून ठेवावे.

प्रतीविषयी मर्स्कच्याच कहाणीतील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. कंपनीचे जाळे चालविणारे सुमारे १५० मुख्य सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांची प्रत ठेवीत, म्हणून वेगळी प्रत ठेवलेली नव्हती. सगळे एकदमच नष्ट होतील, ही शक्यता कोणी धरली नव्हती. वाचला तो एकच, पश्चिम आफ्रिकेतील घानाच्या कार्यालयातला. कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्यातील माहिती इंग्लंडला न्यायची, तर घानातील कर्मचाऱ्याजवळ ब्रिटनचा व्हिसा नव्हता. तो नायजेरियाच्या विमानतळापर्यंत गेला, तेथे दुसऱ्याच्या हाती हार्ड डिस्क सोपविली, आणि त्यावर सगळे पुन्हा उभे राहिले. आपल्या पेढीत बॅकअप बहुधा त्याच संगणकाला कायम जोडलेल्या डिस्कवर असतो. विषाणू आला तर तो दोन्हींना एकदमच गाठील. आठवड्यातून एकदा प्रत काढून डिस्क वेगळी करावी आणि ती घरी किंवा लॉकरमध्ये ठेवावी. तिमाहीतून एकदा त्या प्रतीवरून हिशेब दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वठवलेला धनादेश. वठतो की नाही, ते बँकेत टाकल्यावरच कळते.

जबाबदारी कोणाची, हे मर्स्ककडून शिकायचे. घरातील एकाच व्यक्तीचे नाव घालून, मुदत आणि रक्कम लिहून, भागीदारांच्या सह्यांनी ठराव करावा. आणि त्या व्यक्तीच्या वर्षाच्या मोबदल्याचा काही भाग या कामाशी जोडावा. मुलगी किंवा सून हे काम करणार असेल तर तिलाही तोच ठराव आणि तोच मोबदला. घरचे काम म्हणून फुकट सोपविलेले काम सर्वांत शेवटी होते, हे आपण सगळे जाणतो.

वेळापत्रकाचे म्हणाल तर हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला बदलते, तोच दिवस बदलाला सोयीचा. त्याआधीची जानेवारी ते मार्च ही तिमाही दोन्ही यंत्रणा बरोबरीने चालविण्याची. म्हणजे पार्टी आणि मालाच्या याद्यांची साफसफाई दिवाळीच्या वहीपूजनानंतर लगेच सुरू व्हायला हवी, आणि कंटेनरचा कागद फिरवून पाहण्याचे काम त्याही आधी, पर्युषण आटोपल्यावर भाद्रपद-आश्विनात. जुन्या यंत्रणेवर ३१ मार्चअखेरचे तेरीज, उधारी आणि साठ्याचे तक्ते कागदावर छापून सह्या घ्याव्यात. कंपनीला आठ आर्थिक वर्षांचे हिशेब राखावे लागतात. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. तेवढा काळ जुना संगणक मोडीत काढू नये. त्याची इंटरनेटची वायर काढून, तो चालू स्थितीत, मुनीमजींच्या टेबलाशेजारीच ठेवावा.